द्रव्याची संमती

शिल्पकार म्हटला की हाती छिन्नी-हातोडा घेऊन शिळेपुढे उभा राहिलेला पुरुष आपल्या डोळ्यांपुढे येतो. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, जेव्हा युरोपातील राजधान्यांच्या चौकाचौकांत सेनापतींचे आणि मुत्सद्द्यांचे पुतळे उभे राहत होते आणि शिल्पकाराच्या धंद्याला मोठी बरकत आली होती, तेव्हा तेथील बहुतेक नामांकित शिल्पकारांचा शिळेशी असलेला प्रत्यक्ष संबंध जवळजवळ सुटला होता. कलावंताने ओल्या मातीत आकृती घडवावी, तिच्यावरून प्लॅस्टरचा नमुना ओतून घ्यावा, आणि मग रोजमुऱ्यावर ठेवलेल्या कसबी कारागिरांनी त्या नमुन्यावर जागोजाग खुणा करून, प्रत्येक खुणेची खोली मापनयंत्राच्या सुईने मोजीत मोजीत ती संगमरवरात उतरवावी, अशी एक पक्की वहिवाट पडून गेली होती. खुद्द रोदँच्या, म्हणजे त्या युगातील सर्वश्रेष्ठ शिल्पकाराच्या, कर्मशाळेतही संगमरवराचे काम याच वहिवाटीने चाले. तिच्यात कसब नव्हते असे मुळीच नाही. पण मातीत अंगठ्याने दाबलेला खळगा दगडात हुबेहूब उतरला म्हणजे काम साधले, असे ज्या व्यवस्थेत समजले जाते, तिच्यात दगड हा केवळ ताबेदार असतो, आणि ताबेदाराला त्याचे मत कोणी विचारीत नाही.

प्रस्तुत पुस्तक ज्याच्या शिल्पांविषयी आहे तो कॉन्स्टन्टीन ब्रांकूश हा दगडाचे मत विचारणारा शिल्पकार होता. विसाव्या शतकातील अमूर्त शिल्पाचा इतिहास सांगताना त्याचे नाव अग्रभागी घेतात ते योग्यच आहे, जरी स्वतः त्याला आपल्या कामावर मारलेला हा शिक्का कधी रुचला नाही. वस्तूचे बाह्य रूप सोडून तिच्या सत्त्वाकडे जाणे म्हणजेच वास्तवाकडे जाणे, अशी त्याची धारणा होती. आकृतीतून नाक, कान, पंख, पाय असे एकेक अवयव तो वगळीत गेला, याचे कारण समीक्षकांनी कधी त्याच्या गूढवादी वाचनात शोधले, कधी आफ्रिकेतील काष्ठशिल्पांच्या प्रभावात शोधले, आणि या दोहोंत तथ्य नाही असे मी म्हणत नाही. परंतु समोरचे द्रव्य जे आनंदाने धारण करू शकत नाही ते त्याच्यावर लादायचे नाही, हे एक व्रत त्याने जन्मभर पाळले, आणि त्याच्या आकृतींचे ते विलक्षण सोपेपण मुख्यत्वे या व्रताचे फळ आहे, असे माझे मत आहे. पुढील प्रकरणांतून ते मत यथाशक्ति सिद्ध करण्याचा मी प्रयत्न केला आहे.

चरित्राचा भाग थोडक्यात सांगण्याजोगा आहे. १९ फेब्रुवारी १८७६ रोजी रुमानियातील ओल्तेनिया प्रांतात, कार्पेथियन पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या होबिता नावाच्या खेड्यात, एका शेतकरी कुटुंबात तो जन्मला. त्या मुलखात घराच्या ओसरीचे खांब आणि अंगणाचे दरवाजे लाकडात कोरण्याची जुनी परंपरा आहे, आणि लहानपणी मेंढरे राखणाऱ्या या मुलाच्या डोळ्यांत ते खांब कायमचे बसले असावेत. क्रायोव्हा येथील कलाकौशल्याच्या शाळेत आणि पुढे बुखारेस्टच्या कलाविद्यालयात त्याचे शिक्षण झाले. तेथे असताना त्याने डॉक्टर जेरोता यांच्या मार्गदर्शनाखाली त्वचा काढलेल्या मानवी देहाचे एक शिल्प केले. त्यातील प्रत्येक स्नायू इतका बिनचूक आहे की वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना ते शिकवण्याच्या कामी लावण्यात आले. ज्यांना असे वाटते की साधर्म्य साधण्याची ऐपत नसलेले लोकच साधर्म्याचा त्याग करतात, त्यांनी हे एक शिल्प अवश्य लक्षात ठेवावे. १९०४ साली, बरीचशी वाट पायी तुडवीत, तो पॅरिसला पोचला. १९०७ साली रोदँच्या कर्मशाळेत त्याला प्रवेश मिळाला, आणि जी जागा मिळावी म्हणून युरोपभरचे तरुण शिल्पकार धडपडत होते ती त्याने थोडक्याच काळात आपण होऊन सोडली.

सोडून त्याने काय केले, तर दगडाचा एक लहानसा ठोकळा घेतला आणि मातीचा नमुना मध्ये न आणता सरळ त्याच्यावर छिन्नी चालवली. ‘चुंबन’ या नावाने प्रसिद्ध असलेले हे शिल्प, ज्याची १९०७-०८ सालची पहिली आवृत्ती आज क्रायोव्हा येथे आहे, वीतभराहून थोडेसेच उंच आहे. दोन प्रेमिकांनी एकमेकांना कवटाळले आहे, एवढाच विषय. पण तो ठोकळा ठोकळाच राहिला आहे. चारी बाजू अजून चौकोनी आहेत, हात म्हणजे दगडाच्या अंगावरून गेलेले दोन पट्टे आहेत, केस म्हणजे समांतर लहरत गेलेल्या काही रेघा आहेत, आणि दोघांचे डोळे बाजूने पाहिले असता एकमेकांत मिसळून एकाच डोळ्यासारखे दिसतात. रोदँनेही हाच विषय संगमरवरात हाताळला होता, आणि त्याचे प्रेमिक त्वचेच्या उबेसह आपल्यापुढे बसलेले असतात, इतके की दगडाचे अस्तित्व आपण विसरतो. ब्रांकूशने ते विसरू दिले नाही. दोघांना एकत्र बांधणारी जी शक्ती आहे ती त्याने चेहऱ्यांवरच्या भावांत दाखवलेली नाही. दोघे एकाच शिळेचे आहेत, त्यांच्यामधून छिन्नीने फक्त एक रेघ ओढली आहे आणि शिळा मुळात दुभंगलेलीच नाही, या वस्तुस्थितीतच त्यांचे ऐक्य सामावले आहे. अर्थ आणि द्रव्य यांची इतकी पक्की सांधेजोड मला त्या काळातील दुसऱ्या कोणत्याही युरोपीय शिल्पात दिसत नाही.

प्रत्येक द्रव्याचा कायदा निराळा असतो, हे एकदा मान्य केले की एकच विषय संगमरवरात, लाकडात आणि धातूत तसाच्या तसा उतरवणे अशक्य होऊन बसते. संगमरवर वरून दाबलेले भार सुखेनैव सोसतो, पण ताणाला तो कच्चा आहे. त्याला बारीक मान, पसरलेला हात, सुटलेले बोट यांचे ओझे वाटते, आणि उलट कड नसलेला, आपल्याच ठायी मिटलेला घाट त्याला मानवतो. निद्रिस्त मस्तक, नवजात बालकाचा चेहरा, आणि अखेरीस केवळ अंडाकृती, हा ब्रांकूशच्या संगमरवराचा प्रवास या दृष्टीने पाहावा. फिलाडेल्फियाच्या संग्रहालयातील एका अंडाकृती संगमरवराला ‘आंधळ्यांसाठी शिल्प’ असे नाव आहे, आणि त्याचा अर्थ सरळ घेण्यास हरकत नाही: दगडाची ती गोलाई, जी एका जागी किंचित चपटी होऊन पुन्हा भरते, तळहाताला डोळ्यांहून अधिक चांगली कळेल. लाकडाच्या बाबतीत मात्र हाच माणूस अगदी निराळा होतो. ओकच्या जुन्या तुळया आणून तो त्यांच्यावर कुऱ्हाड आणि करवत चालवी, घाव दिसू देई, भेगा बुजवीत नसे, गाठ आली तर गाठीच्या तंत्राने घेई; कारण लाकडाला एक दिशा असते, ते एकदा वाढलेले असते, आणि त्याच्या वाढीची ती हकिकत घासून पुसून टाकणे म्हणजे त्याची ओळख पुसणे होय. शिल्पाखालच्या बैठकीही तो स्वतःच घडवी. खाली ओकचा खडबडीत ठोकळा, त्यावर चुनखडीच्या दगडाचा क्रूसाकार तुकडा, त्यावर वाटोळा संगमरवर आणि मग सर्वांच्या वर लखलखीत धातूची आकृती, अशी ती चढती मांडणी पाहिली म्हणजे बैठक कोठे संपते आणि शिल्प कोठे सुरू होते हे सांगणे कठीण पडते. तसे ते पडावे हीच त्याची इच्छा होती.

धातूचा प्रश्न सर्वांत अवघड, कारण ब्राँझ कोरले जात नाही, ते ओतले जाते, आणि ओतण्याचे काम ओतारी करतो. मग ज्याने मध्यस्थ कारागिरांची वहिवाट मोडली त्याने ब्राँझला हात तरी का लावावा? या प्रश्नाचे उत्तर आपल्याला एका अनपेक्षित ठिकाणी, अमेरिकेतील एका जकातीच्या दाव्यात, ब्रांकूशच्याच जबानीतून मिळते, म्हणून त्या दाव्याची हकिकत येथे जरा विस्ताराने देतो.

१९२६ साली एडवर्ड स्टायकेन या छायाचित्रकाराने घेतलेले ‘अवकाशातील पक्षी’ हे ब्राँझचे शिल्प न्यूयॉर्क बंदरात उतरले. व्यावसायिक शिल्पकाराच्या अस्सल कलाकृतीला जकात माफ, असा तेथील कायदा. पण जकातखात्याच्या अंमलदारांना त्या उंच, निमुळत्या, आरशासारख्या चकाकणाऱ्या वस्तूत पक्षी कोठेच दिसेना, आणि शिल्प म्हणजे निसर्गातील वस्तूंची प्रतिकृती असा एका जुन्या निवाड्याचा दाखला त्यांच्या हाती होता. तेव्हा धातूचे तयार सामान म्हणून तिच्यावर चाळीस टक्के जकात बसवण्यात आली. ब्रांकूशच्या नावाने दावा दाखल झाला, आणि १९२७ च्या ऑक्टोबरात न्यायालयापुढे मुद्देमाल म्हणून तो पक्षी मांडण्यात आला. हे शिल्प रानात दिसले असते तर पक्षी समजून त्याच्यावर बंदूक झाडली असती काय, असे स्टायकेनला विचारण्यात आले, आणि नाही, असे त्याने प्रामाणिकपणे सांगितले. शिल्पकार जेकब एप्स्टाइन साक्षीला आला तेव्हा एखादा कुशल यांत्रिक कारागीर असा धातूचा तुकडा घासून गुळगुळीत करू शकणार नाही काय, या प्रश्नावर त्याने उत्तर दिले की घासून देईल, पण त्याची कल्पना करू शकणार नाही. सरकारपक्षानेही दोन शिल्पकार उभे केले, आणि ही कलाकृती नव्हे असे त्यांनी शपथेवर सांगितले. २६ नोव्हेंबर १९२८ रोजी न्यायाधीश वेट यांनी निवाडा दिला: कलेचा एक नवा संप्रदाय उदयास आलेला आहे, तो निसर्गाच्या अनुकरणापेक्षा अमूर्त कल्पना व्यक्त करू पाहतो, आपल्याला तो रुचो वा न रुचो त्याची दखल घेणे प्राप्त आहे, समोरची वस्तू सुंदर आहे, एका व्यावसायिक शिल्पकाराने ती घडवलेली आहे, सबब ती जकातीस पात्र नाही.

या निवाड्याचे महत्त्व कलेच्या आणि कायद्याच्याही इतिहासकारांनी पुष्कळ वर्णिले आहे, आणि एका न्यायासनाने आपल्या अभिरुचीपलीकडे पाहण्याची जी उदारबुद्धी दाखवली तिच्याबद्दल मलाही आदर आहे. तथापि न्यायालयाचा सारा रोख साधर्म्याच्या प्रश्नावर राहिला, आणि या खटल्यातील अधिक मोलाची गोष्ट, म्हणजे पॅरिसमध्ये नोंदवली गेलेली ब्रांकूशची जबानी, मागे पडली. तीत तो सांगतो की ही आकृती प्रथमपासून ब्राँझसाठीच कल्पिली होती. प्लॅस्टरचा नमुना त्याने ओताऱ्याकडे दिला तो धातूंच्या मिश्रणाचे प्रमाण स्वतः ठरवून दिला. ओबडधोबड ओतीव काम परत आल्यावर हवेने पडलेली छिद्रे आणि गाभ्याचे भोक बुजवणे, दोष काढणे, आणि मग कानशीने व अगदी बारीक कुरुंदाने घासत जाणे, हे सारे त्याने दुसऱ्या कोणाचा हात लागू न देता स्वहस्ते केले. आणि या कामाला इतका काळ लागतो की ते शिल्प मुळापासून पुन्हा घडवण्यासारखेच असते. म्हणजे ओताऱ्याकडून जे येई ते ब्रांकूशच्या दृष्टीने खाणीतून आलेल्या दगडासारखे कच्चे द्रव्य होते, आणि तेथून पुढे त्याचे काम सुरू होई. कानशीच्या प्रत्येक फेऱ्यागणिक आकृती सुईच्या अग्राएवढी का होईना पण बदलते. म्हणूनच एकाच साच्यातून निघालेले त्याचे दोन पक्षी कधी तंतोतंत सारखे भरत नाहीत. आणि हे घासणे संपते तेव्हा धातू आपले जडत्व टाकून देतो: पृष्ठभागावर सभोवतीची खोली, खिडकी, पाहणाराचा चेहरा हे सारे उमटते, पक्ष्याची कड प्रकाशात विरून जाते, आणि उड्डाणाची जी जाणीव पंख कोरून मिळाली नसती ती येथे ब्राँझच्या एका स्वाभाविक गुणधर्मातून मिळते. संगमरवरातील पक्षी असा विरत नाही. तो प्रकाश आत ओढून घेतो आणि मंदपणे धरून ठेवतो. सुमारे सोळा पक्षी त्याने केले, सात संगमरवराचे आणि नऊ ब्राँझचे, आणि ते एका शिल्पाच्या सोळा प्रती आहेत असे मानणे म्हणजे त्याच्या साऱ्या साधनेकडे पाठ फिरवणे होय.

या पक्ष्यांपैकी तिघांचा संबंध आपल्याशी येतो. इंदूर संस्थानचे अधिपती यशवंतराव होळकर, ज्यांचे शिक्षण ऑक्सफर्डला झाले होते आणि ज्यांनी एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुविशारदाकडून १९३० ते १९३३ च्या दरम्यान माणिकबाग हा अत्यंत आधुनिक राजवाडा बांधवून घेतला, त्यांची ब्रांकूशच्या कामाशी ओळख आंरी-प्येर रोशे या फ्रेंच लेखकाच्या मध्यस्थीने झाली. त्यांनी ब्राँझचा एक पक्षी घेतला आणि आणखी दोन, एक शुभ्र संगमरवराचा व एक काळ्या, यांची मागणी नोंदवली. पुढे त्यातूनच एका ध्यानमंदिराची योजना निघाली: लहानशी वास्तू, आत पाणी, वरून येणारा प्रकाश, आणि एकट्याने बसून पाहावयाचे तीन पक्षी. ज्या घराण्यातील अहिल्याबाईंनी महेश्वरचा घाट बांधला, काशीपासून सोमनाथापर्यंत देवळे पुन्हा उभी केली, त्या घराण्याच्या वंशजाने विसाव्या शतकातील सर्वांत नि:शब्द शिल्पकाराकडे देऊळ मागावे, यात मला विसंगती दिसत नाही. मूर्तीवाचूनचे ते देवालय पूर्ण झाले असते तर भारतीय वास्तूच्या इतिहासात एक निराळे पान लिहिले गेले असते. पण १९३७ साली महाराणी संयोगिताबाई, कागलच्या घाटगे घराण्यातील त्या तरुण स्त्री, निवर्तल्या. आणि १९३७-३८ च्या हिवाळ्यात ब्रांकूश एवढा सागर ओलांडून इंदुरास आला तेव्हा कामाला प्रारंभच झाला नाही व तो परत गेला. यात कोणाचा दोष शोधण्याचे मला प्रयोजन दिसत नाही. खेद मात्र वाटतो, आणि तो मी लपवीत नाही; कारण दगडाचा, धातूचा आणि पाण्याचा मेळ एका छताखाली कसा बसला असता हे ब्रांकूशने स्वतः ठरवलेले असे एकमेव ठिकाण ते ठरले असते. संगमरवराचे दोन्ही पक्षी १९७३ साली ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने खरेदी केले व ते आज कॅनबेरात आहेत. ब्राँझचा पक्षी कॅलिफोर्नियात, पासाडेना येथील नॉर्टन सायमन संग्रहालयात आहे.

इंदुरात जे साधले नाही ते त्याच वर्षी त्याच्या जन्मप्रांतात दुसऱ्या रूपाने साधले. तुर्गु झिऊ या गावी, पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ, गोर्ज जिल्ह्यातील स्त्रियांच्या संघटनेच्या पुढाकाराने, त्याने एक सलग रचना केली: नदीकाठी दगडी मेज आणि त्याच्याभोवती बारा बैठका, पुढे दगडी कमान, आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला २९ मीटरांहून उंच असा ‘अनंत स्तंभ’. २७ ऑक्टोबर १९३८ रोजी तिचे उद्‌घाटन झाले. स्तंभाची आकृती मूळची ओकच्या लाकडातील, १९१८ च्या सुमाराची, होबिताच्या ओसऱ्यांच्या खांबांशी नाते सांगणारी. पण एवढ्या उंचीला लाकूड पुरे पडणारे नव्हते, तेव्हा बिडाचे पोकळ मणके ओतून ते पोलादी गाभ्यात ओवण्यात आले आणि त्यांच्यावर पितळी मुलामा चढवण्यात आला. पंधरा पूर्ण मणके, आणि वर व खाली अर्धा अर्धा. प्रत्येकाची मापे ४५, ९० आणि १८० सेंटिमीटर, म्हणजे दुपटीच्या पटीत. अभियंता जॉर्जेस्कू-गोर्जान याने गणित सांभाळले, परंतु साच्यासाठी लागणारा लाकडी नमुना शिल्पकाराने आपल्या हातांनी तासून दिला. पुढे १९५० च्या दशकात तेथील सत्ताधाऱ्यांनी स्तंभ ओढून पाडण्याचा प्रयत्न केला, तेव्हा तो जागचा हलला नाही. २०२४ साली या साऱ्या रचनेचा समावेश जागतिक वारशाच्या यादीत झाला आहे.

शेवटची वर्षे त्याने पॅरिसमधील आँपास रोंसँ या बोळातील कर्मशाळेतच काढली. नवे काम थांबले होते. असलेली शिल्पे तो हलवी, फिरवी, एकमेकांच्या जवळ-दूर मांडी, आणि त्यांची छायाचित्रे स्वतः काढी, कारण दुसऱ्याने काढलेले छायाचित्र त्याला बहुधा पसंत पडत नसे. १९५६ साली त्याने मृत्युपत्रान्वये संपूर्ण कर्मशाळा फ्रेंच सरकारच्या हवाली केली, ती अशा अटीवर की तिची मांडणी जशीच्या तशी राखली जावी. १६ मार्च १९५७ रोजी तो वारला. १३७ शिल्पे आणि ८७ बैठका त्या वारशात होत्या, आणि बैठकांची अशी स्वतंत्र मोजदाद व्हावी, यावरून त्याच्या लेखी त्यांची योग्यता काय होती ते कळते.

पुस्तकाच्या रचनेविषयी एक खुलासा करणे जरूर आहे. प्रकरणांची वाटणी कालक्रमाने न करता द्रव्यांनुसार केली आहे: प्रथम चुनखडी, मग संगमरवर, मग लाकूड, मग ब्राँझ, आणि शेवटी बीड. यामुळे एकाच सालची कामे कधी दूर पडली आहेत आणि चरित्राचा धागा वारंवार तुटला आहे, ही अडचण मला पत्करावी लागली. परंतु कालक्रम धरला असता तर संगमरवरापुढे उभा असलेला ब्रांकूश आणि ओकच्या तुळईपुढे उभा असलेला ब्रांकूश हे एकाच दिवशी दोन निरनिराळ्या रीतींनी वागतात, ही मुख्य गोष्ट झाकून गेली असती. चित्रे पाहताना वाचकांनी आधी बैठक पाहावी, मग आकृती जेथे तिच्यावर टेकते तो सांधा पाहावा, आणि त्यानंतर नजर वर न्यावी, एवढी विनंती आहे. इंदूरच्या पक्ष्यांची मात्र या वाटणीत ताटातूट झाली आहे: शुभ्र आणि काळा हे दुसऱ्या प्रकरणात सापडतील, आणि त्यांच्या ब्राँझच्या सोबत्यासाठी चौथ्या प्रकरणापर्यंत जावे लागेल.